जाळ्या मी घरीच करतो!

"विकतच्या जाळ्या कशाला? मी घरीच करतो," हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिने निवडणं थांबवलं. आमच्या घरात ही धोक्याची सूचना असते. (मी नेहमीप्रमाणे ते कौतुक समजलो.)

प्रश्न सासूबाईंचा होता. आयुष्यात एकदा तरी तळ्याकाठी मुक्काम करायचा आणि अंथरुणातून सूर्योदय बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. पण त्यांना एक डास चावला तरी बशीएवढी गांध उठते. धुराने खोकला येतो, तंबूत शिरायचं तर गुडघे नाही म्हणतात. त्यामुळे बेत दरवर्षी ठरायचा आणि दरवर्षी बारगळायचा. यंदा मी तोडगा काढला. गाडीतच झोपायचं. मागच्या सीट पाडल्या की ऐसपैस गादी होते. काचा खाली आणि वर जाळ्या. हवा आत, डास बाहेर!

"अहो, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही," बायको म्हणाली.

"बटण गोल असतं. खिडकी सरळ असते."

या उत्तरावर तिने पुन्हा भाजी निवडायला घेतली.

रविवारी दुपारी मी रद्दी, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरलो. खिडकीवर बाहेरून कागद चिकटवायचा, कडेने कापायचा, की झालं माप. ऑफिसात आवक-जावक सांभाळणारा माणूस मी. कागद चिकटवण्यात माझा हात कोण धरणार? बघता बघता सगळ्या काचा झाकल्या. मागे सरकून कौतुकाने बघतोय, तोच गाडीच्या आतून टकटक ऐकू आली.

दार उघडून पहिल्या मजल्यावरचे वकील बाहेर आले. घरात पाहुणे आले की ते गाडीत येऊन डुलकी काढतात, हे मला काय माहीत!

"मला वाटलं, संध्याकाळ झाली," ते डोळे चोळत म्हणाले. "हे काय चाललंय?"

"गाडीची मापं घेतोय."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"तुमची ती पलीकडे आहे."

खरंच होती. रंग तोच, पण वकिलांची गाडी धुतलेली होती. एवढ्या खुणेवरून मी आधीच ओळखायला हवं होतं.

मग आपल्या गाडीवर नव्याने सगळं केलं. या वेळी जरा सढळ हाताने, खिडकीच्या चारी बाजूंनी वीतभर जास्त धरून. कमी पडायला नको! जाळीचं कापड आणलं, शिलाई मशीनवर बसलो आणि पहिली जाळी इतकी पक्की शिवली, की उठताना ती माझ्याबरोबर उठली.

"शर्टासकट लावणार का खिडकीला?" बायकोने विचारलं आणि उसवायला बसली.

चिकटपट्टी मात्र मी एक नंबर आणली. दुकानदार म्हणाला, "साहेब, दार निघून हातात येईल, पट्टी निघणार नाही." मला तेच हवं होतं.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. सासूबाई लहान मुलीसारख्या खूश. पाण्यावरून हवा येत होती आणि त्या हवेबरोबर, दूरवरून, एक बारीक गुणगुण.

"आई, तुम्ही आत बसा. तूही बस लवकर!" मी ओरडलो आणि कामाला लागलो. जाळ्या बाहेरून मापलेल्या, त्यामुळे बाहेरूनच बसत होत्या. खिडकी, दार, दाराची फट, सगळं एका जाळीखाली. डिकी हवेसाठी उघडी ठेवून तिच्या तोंडावर सगळ्यात मोठी जाळी ताणली. कोपरे दाबले, कडा घासल्या. पट्टीचा शेवटचा तुकडा लावून मी हात झटकले.

"वा, जावईबापू!" आतून सासूबाई म्हणाल्या. "एक डास नाही हो!"

"अहो," बायको म्हणाली, "आणि तुम्ही आत कुठून येणार?"

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग उलट दिशेने दुसरी.

"मी दार ढकलते आतून."

"नको! जाळी फाटेल. पट्टी संपलीय!"

आत सासूबाईंनी पाय लांब करून उशी नीट केली होती. इतक्या वर्षांचा बेत त्यांच्या चेहऱ्यावर पसरला होता. एक दार उघडलं की तो संपला असता.

"झोपा तुम्ही," मी म्हणालो. "मला उघड्यावरच आवडतं." (हे बोलताना तोंडात दोन डास गेले.)

बायको जाळीला नाक लावून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "शिवलंय मात्र छान हं." लग्नानंतर माझ्या हातच्या वस्तूची ही पहिलीच तारीफ. त्या भरात मी टॉवेल डोक्याला गुंडाळून खुर्चीत बसलो. पुढचं सांगत नाही. तळ्यावरच्या समस्त डासांना आत प्रवेश नव्हता. बाहेर मात्र पंगत मांडलेली होती.

सूर्य वर आला. सासूबाई उशीला टेकून, हात जोडून बघत होत्या. त्यांच्या अंगावर एकही गांध नव्हती. माझ्या अंगावर मोकळी जागा नव्हती.

परतताना गाडी बायकोने चालवली, कारण माझा एक डोळा मिटला होता आणि दुसरा विचारात होता. तळ्याच्या फाटकावर रखवालदाराने हात केला. आत डोकावला, मला निरखलं आणि काळजीने बायकोला विचारलं, "ताई, काल तुमच्याबरोबर एक बारीकसे साहेब होते. ते मागे राहिले का?"

मी "मीच तो" म्हणायला गेलो. सुजलेल्या ओठांतून "बीच बो" असं काहीतरी निघालं.

"तेच आहेत हो हे," सासूबाई मागून कौतुकाने म्हणाल्या. "इथली हवा मानवली त्यांना!"