शेवंता साळिंदरीण आणि गळ्याची शपथ

एका जंगलात दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी शेवंता साळिंदरीण आपल्या मुलाच्या बिळात वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

वेळ इतकी पक्की कशी, असं विचाराल. तर टोकूच्या हातातल्या फोनवर, वरच्या कोपऱ्यात ती लिहिलेलीच होती. तीन सतरा. शेवंतानं तेवढंच नीट वाचलं. त्याच्या खाली जे चाललं होतं त्याकडे तिच्यानं बघवेना.

मुलांनो, असे डोळे मोठे करू नका. खाली काय चाललं होतं ते मी सांगणार नाही. ज्यांना कळलं त्यांनी गप्प बसा. ज्यांना नाही कळलं त्यांनी शेजारच्याला विचारू नका, तो चुकीचं सांगेल. टोकूचंही असंच झालं होतं.

जंगलात फोन कसा आला? घुबडगुरुजींमुळे. त्यांना दिवसा दिसत नाही, म्हणून ते गृहपाठ फोनवर पाठवायचे. तेव्हापासून घराघरांत पोरं दिवसभर अभ्यास करायला लागली. साळिंदरं दुपारी झोपतात, पण टोकू दुपारीही अभ्यास करायचा. आईला कोण कौतुक!

"काय बघतोयस रे?" शेवंतानं विचारलं.

"भूगोल."

"आवाज बंद करून?"

"तू झोपली होतीस ना, म्हणून."

"आण बघू इकडे."

"अगं, आपोआप आलं ते! मी बंदच करत होतो."

"किती वेळ बंद करत होतास?"

टोकूनं फोन पुढे केला. आता साळिंदरांची एक अडचण असते. मोठं साळिंदर खोटं बोललं की भीतीनं त्याच्या शेपटीचे काटे वाजतात, खुळखुळ, खुळखुळ. पण चौदाव्या वर्षी काटे मऊ असतात. पोरगं कितीही खोटं बोललं तरी आवाज येत नाही. देवानं आयांवर एवढा एक अन्याय केला आहे.

शेवंता फोन घेऊन बाहेर आली. पोराचं वाटोळं झालं, असं तिला वाटलं. मग वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मग वाटलं, लोक काय म्हणतील. हे शेवटचं वाटणं सगळ्यांत जोरात होतं.

नवरा काटेराव बिळाच्या तोंडाशी कंद सोलत बसले होते.

"अहो, टोकू फोनवर नको ते बघतो."

"वय आहे. बघणारच."

"म्हणजे? तुम्ही बघितलंय की काय?"

"मी? छे! भलतंच काय विचारतेस!"

खुळखुळ, खुळखुळ.

"वारा सुटलाय," काटेराव म्हणाले.

एक पानसुद्धा हलत नव्हतं.

शेवंता गोदाक्का अस्वलिणीकडे गेली. गोदाक्का वयानं मोठी, तीन पोरांची आई.

"फोडून काढ," गोदाक्का म्हणाली. "मी माझ्या तिघांना असं बडवलं, असं बडवलं! आता तिघंही काही बघत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत, अक्का? ते सांगतात?"

"सांगतात कसले! दोन वर्षं झाली, तिघंही माझ्याशी बोलत नाहीत. घरात कसं शांत!"

शेवंताला ते काही पटलं नाही. ती हरणवहिनींकडे गेली. त्या शिकलेल्या. शेवंताची शाळा सातवीत सुटली होती आणि शरीराचा धडा नेमका आठवीत होता. हरणवहिनी आठवी पास.

"वहिनी, त्या धड्यात काय असतं हो? पोराला काय सांगायचं असतं?"

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं. कान खाली घेतले. "खरं सांगू? आमच्या बाईंनी ती दोन पानं एकत्र धरली आणि उलटली. म्हणाल्या, घरी वाचा. घरी वाचायला काढलं तर आईनं पुस्तक काढून घेतलं."

"मग तुमच्या गुणवंताला कोण सांगतं?"

"त्याला सांगायची गरजच नाही बाई. आमच्याकडे नाही हो तसलं काही. गुणवंत फोन घेतो तो गृहपाठापुरता."

गुणवंत मागे बसून गृहपाठ करत होता. आवाज बंद होता.

शेवंता घरी आली. बुद्धी चालेना, तेव्हा तिनं तेच केलं जे तिच्या आईनं केलं असतं. टोकूला समोर उभं केलं.

"माझ्या गळ्याची शपथ घे."

टोकूचा चेहरा उतरला. त्या जंगलात शपथेचा कायदा कडक होता. आपल्या गळ्याची कातडी चिमटीत धरायची आणि ज्याची शपथ त्याचं नाव घ्यायचं. खोटी निघाली तर आपल्याला काही होत नाही. ज्याची घेतली तो मरतो. आणि ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही.

"म्हण, आजच चुकून आलं होतं. याआधी कधी बघितलं नाही आणि परत बघणार नाही."

"आई, शपथ नको ना. मी असंच सांगतो."

"खरं बोलतोस तर घाबरतोस कशाला?"

टोकूनं गळा चिमटीत धरला. "आईच्या गळ्याशप्पथ. आजच आलं. परत नाही बघणार."

शेवंतानं फोन परत दिला. गृहपाठ होता ना!

आणि काय सांगू, मुलांनो, चमत्कार झाला. टोकू दुसऱ्या दिवसापासून सोन्यासारखा वागायला लागला. आईच्या मागे मागे. "आई, पाणी देऊ?" "आई, तू बस, मी झाडतो." ती झोपली की उशाशी येऊन बसायचा. डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आई, बरं वाटतंय ना तुला?"

शेवंता हरखून गेली. तिनं पाणवठ्यावर सगळ्या आयांना सांगितलं, "मारू नका, ओरडू नका. गळ्याची शपथ घाला. पोरगं चार दिवसांत श्रावणबाळ होतं."

आठवड्याभरात सगळ्या जंगलानं शपथा घातल्या. पोरं एकदम गुणी झाली. ससुल्यानं आईचे पाय चेपले. रानडुकरिणीच्या पोरांनी आईला फुलं आणून दिली. ती बिचारी रडलीच, उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती. सकाळी पाणवठ्यावर जावं तर चारी बाजूंनी एकच आवाज, "आई, बरं वाटतंय ना?"

टोकूनं मात्र जेवण सोडलं. वाळायला लागला. शेवंताला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल. चांगली गोष्ट आहे.

मग एका सकाळी शेवंता कंद खात होती. खाता खाता काटेरावांना काहीतरी टोमणा मारायला गेली आणि तिला ठसका लागला. साधा ठसका, पण कंदाचा तुकडा घशात बसला. डोळे पांढरे झाले. श्वास येईना.

काटेराव पाठीवर थापा मारायला धावले. स्वतःच्याच बायकोचे काटे लागून ओरडत मागे आले.

टोकूनं आईच्या पायांवर लोटांगण घातलं.

"आई, सुटली म्हण! सुटली म्हण! मी खोटं बोललो! आजच नव्हतं, तीन महिने बघतोय! शपथेनंतर पण दोनदा बघितलं! आई, मरू नको! तू आधी सुटली म्हण!"

शेवंताला बोलताच येईना, तर सुटली कुठून म्हणणार! ती नुसती हात हलवत होती. टोकूला वाटलं, आई निरोप घेतेय. त्यानं असा हंबरडा फोडला की दचकून शेवंता जोरात शिंकली आणि तुकडा बाहेर पडला.

शेवंता खोकत खोकत उठून बसली.

मग शेवंतानं पोराकडे बघितलं. डोळे खोल गेलेले. गळ्यावर चिमटीचे वळ. रोज स्वतःच शपथ सोडवून बघत होता वाटतं. आणि तिला एकदम आठवलं. ती आठ वर्षांची असताना आईनं चिंचा न खाण्याची गळ्याची शपथ घातली होती. तिनं चोरून दोन खाल्ल्या होत्या. दिवसभर ती झोपलेल्या आईच्या नाकापाशी बोट धरून बसली होती, श्वास चालतोय का बघत.

"पाणी देऊ, पाणी देऊ करायचास ते ह्यासाठी होय?"

टोकूनं मान हलवली.

"सुटली," शेवंता म्हणाली. "सुटली रे बाबा. सगळ्या जन्माची सुटली. बस इथं."

तो बसला. आता पुढं काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. आठवीचा धडा तर वाचलेला नव्हता.

"पहिल्यांदा कुणी दाखवलं?"

"गुणवंतानं."

शेवंताला हसू येत होतं. ते तिनं गिळलं, पण बेतानं. घसा दुखत होता.

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू रागावली असतीस. आणि मला वाटलं, मोठं झाल्यावर असंच असतं. मला भीतीपण वाटायची आणि बघावंसंपण वाटायचं."

शेवंतानं विचार केला. मग तिला जे माहीत होतं ते ती बोलली.

"हे बघ, साळिंदराला साळिंदराच्या जवळ जायचं तर आधी काय करावं लागतं?"

"काटे मिटावे लागतात."

"त्याच्या आधी?"

"विचारावं लागतं. नाहीतर टोचतं."

"आणि समोरचं नको म्हणालं तर?"

"मागे यायचं."

"त्या फोनमध्ये कुणी विचारताना दिसलं? कुणी नको म्हणालं? कुणाला टोचलं?"

टोकू विचारात पडला. "नाही."

"मग ते सोंग आहे. सोंग बघून संसार शिकायचा नसतो. बघावंसं वाटलं म्हणून तू वाईट नाहीस. पण ते बघून शिकलास तर कुणाला तरी टोचशील. आता फोन माझ्यासमोर बसून वापरायचा. आणि परत बघितलंस तर येऊन सांगायचं. मी रागावेन, पण मरणार नाही."

"बाबांना सांगशील?"

"त्यांनाही बसवू की इथं. त्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत."

बिळाच्या तोंडाशी खुळखुळ, खुळखुळ.

चार दिवसांनी पाणवठ्यावर हरणवहिनी भेटल्या. "काय गं, टोकूचं कसं? बंद झालं ना?"

"कमी झालंय. परवा परत बघितलं त्यानं," शेवंता म्हणाली. "स्वतःच येऊन सांगितलं. रडला थोडा. मग आम्ही दोघांनी चिंचा खाल्ल्या."

"अगंबाई! म्हणजे तुझं सगळं फुकट गेलं की! आमच्याकडे बघ. तू म्हणालीस तशी शपथ घातली, तेव्हापासून एकदाही नाही."

तेवढ्यात गुणवंत आला. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. आईच्या गळ्याला हळूच नाक लावून त्यानं विचारलं, "आई, बरं वाटतंय ना तुला?"

"बघितलंस?" वहिनी म्हणाल्या. "शीक काहीतरी."

तात्पर्य: मुलांना कधीही समजावून सांगू नये. समजावलं की ती खरं बोलायला लागतात आणि मग ते ऐकावं लागतं. त्यापेक्षा सरळ गळ्याची शपथ घालावी. बघायचं थांबत नाही, पण आपल्या तब्येतीची चौकशी रोज होते.

ही गोष्ट निदान दहा आयांच्या कानावर घाला. फक्त सुरुवातीला एवढं म्हणायला विसरू नका, की आमच्याकडे नाही हो तसलं काही, हे एका साळिंदरिणीकडचं आहे.