जोर लावणारी बॅटरी

आमच्या शेजारच्या कौसल्याअक्का बिघडलेल्या यंत्राला हात लावण्याआधी विचारतात, "कधीपासून होतंय असं?" आणि हे मालकाला नाही, यंत्राला विचारतात. आमच्या मिक्सरला त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी समोरच होतो. मिक्सर काही बोलला नाही. अक्कांनी त्याच्या अंगावर तळहात ठेवला, मान हलवली, ह्याला जरा आराम द्या म्हणाल्या आणि चहा प्यायला बसल्या. दोन दिवसांनी तो आपोआप चालू झाला. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला हे अजून पचलेलं नाही.

अक्का सरकारी नर्स होत्या. सगळी नोकरी पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यांवर झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी धुळ्याला, देवपुरात आमच्या शेजारी घर घेतलं आणि एकट्याच राहू लागल्या. यजमान खूप आधी गेले, मुलगा पुण्यात. सकाळी बुद्धवंदना, मग कुंड्यांना पाणी, मग गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी. उंची बेताची, फिकट साडी, पायात कॅनव्हासचे बूट. अशा बाईंनी एका दुपारी जुनी डिझेल जीप दारात आणून उभी केली, तेव्हा गल्ली हादरली. चालवत कोणी आणली म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर अक्काच स्टिअरिंगमागून खाली उतरत होत्या. शिकल्या कधी, कुठे, कोणाला पत्ता नाही.

महिनाभरात जीपच्या तोंडाशी एक लोखंडी रीळ आलं. त्याला विंच म्हणतात हे मला अक्कांनीच सांगितलं. विंच म्हणजे मोटरवर चालणारा रहाटच. गाडी चिखलात रुतली की तारेचा आकडा पुढच्या झाडाला अडकवायचा, बटण दाबायचं, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. अक्का, तुम्हाला चिखलात कुठे जायचंय, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्याच घरात गेलो.

खरी पंचाईत पुढे होती. हा रहाट वीज पितो, आणि एका दमात भरपूर पितो. जीपची जुनी बॅटरी इंजिन चालू करतानाच धापा टाकायची. मग अक्कांनी घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून जीपमध्ये बसवली. रात्रभर पंखा चालवते म्हणजे हिच्यात दम असणार, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरासमोर तोडलेल्या कडुनिंबाचं खोड उरलं होतं. त्याला आकडा अडकवून त्यांनी बटण दाबलं. विंच हुंकारली, तार जेमतेम ताठ झाली आणि सगळं गप्प. बघायला जमलेली माणसं हसली. अक्का हसल्या नाहीत. "माझं निदान चुकलं," एवढंच म्हणाल्या, आणि मला स्कूटर काढायला सांगितली.

बॅटरीच्या दुकानात मी मागे उभा राहिलो. दुकानदार साठीच्या पुढचे, शांत गृहस्थ. त्यांनी घरात पंखे किती हे विचारलं. अक्का म्हणाल्या, पंखे नाहीत, जीप नाल्यातून ओढायची आहे. दुकानदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मग समजावून सांगितलं. इन्व्हर्टरची बॅटरी थोडं थोडं देते, पण तासन् तास देते. गाडीची बॅटरी एकदम खूप देते, पण थोडाच वेळ. विंचला दुसरी लागते, त्यातही चांगल्या ताकदीची. आणि ओढताना इंजिन चालूच ठेवायचं, जरा ओढलं की थांबायचं, म्हणजे ती पुन्हा भरत राहते.

अक्कांचा चेहरा उजळला. त्या भर दुकानात म्हणाल्या, "म्हणजे एक बाळंतिणीच्या उशाशी बसणारी, आणि एक कळ आल्यावर जोर लावणारी. मला जोर लावणारी द्या."

दुकानदार कानापर्यंत लाल झाले. एक गिऱ्हाईक आलं तसं परत गेलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

दुकानदारांनी दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एक झाकणांची, वरून पाणी घालायची. दुसरी सगळीकडून बंद. दोघींची ताकद जवळपास सारखीच होती, पण बंद असलेली चांगलीच महाग. अक्का दोघींच्या अंगावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी दुकानदारांना बॅटरी आडवी करून दाखवायला सांगितलं. झाकणवाली आडवी करायला दुकानदारांनी साफ नकार दिला, आतलं तेजाब सांडेल म्हणाले. दुसरी त्यांनी काउंटरवर सरळ कुशीवर निजवली.

"नाल्यात माझी जीप अशीच आडवी होणार," अक्का म्हणाल्या. "हीच बांधा."

दुसऱ्या दिवशी तेच खोड. या वेळी कोणाला हसायला सवडच मिळाली नाही. विंच ओरडली, जमीन फुगली, आणि खोड मुळांसकट वर आलं. मुळांबरोबर आमच्या नळाचा पाइपही आला. माझ्या अंगणात पुरुषभर उंचीचं कारंजं उडालं. माझी बायको मीना दारात हातात लाटणं घेऊन उभी होती. अक्का भिजत भिजत बॉनेट उघडून आत बघत होत्या.

"बॅटरी बेस शे, भाऊ," त्यांनी मला आनंदाने सांगितलं. आनंद झाला की त्या अहिराणीत शिरतात. मग प्लंबरला बोलावून, तो जाईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

गल्लीत एव्हाना ठरून गेलं होतं की अक्का आदिवासी पाड्यांवर जाऊन फुकट औषधं देतात. मीनाला तर खात्रीच होती. त्यामुळे भाद्रपदात एका रविवारी, तारेचा आकडा झाडाला बांधायला सोबत कोणीतरी हवंय असं अक्का म्हणाल्या, तेव्हा तिने माझ्या वतीने होकार देऊन टाकला. पुण्य लागेल, म्हणाली.

पिंपळनेर मागे पडलं, डांबर संपलं, आणि मग तो नाला आला. पाणी गुडघ्याइतकंच, पण काठ म्हणजे नुसता लोण्यासारखा चिखल. जीप मधोमध रुतली आणि डाव्या अंगाला इतकी कलली की मला अक्कांच्या बाजूच्या दारातून आकाश दिसू लागलं. मी मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घेतला. अक्कांनी शांतपणे आकडा माझ्या हातात दिला. मी पाण्यातून चाचपडत जाऊन तो पलीकडच्या सादड्याच्या झाडाला बांधला. त्यांनी ताठ तारेवर एक जुनी गोधडी टाकायला लावली, तार तुटली तर उसळून अंगावर येऊ नये म्हणून, आणि मला लांब उभं केलं. मग इंजिन चालू ठेवून, थोडं ओढून, थांबून, पुन्हा ओढून त्यांनी ती जीप चढावर आणली. प्रत्येक वेळी थांबताना त्या बॅटरीशी काहीतरी पुटपुटत होत्या. काय, ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

पाड्यावर पोचलो. मी रुग्णांची रांग शोधत होतो. रांग नव्हती. एका कुडाच्या घराच्या ओट्यावर एक वाळकी म्हातारी बसली होती. अक्कांना बघून ती उठली नाही, हसली नाही. "इतला दिन कोठे व्हती वं?" असं तिने रागाने विचारलं आणि तोंड फिरवलं.

अक्कांनी पिशवी उघडली. औषधाची एक गोळीही नव्हती. खोबरेल तेल, केळी, एक नवं लुगडं आणि नेलकटर. अक्का खाली बसल्या, म्हातारीचा पाय मांडीवर घेतला आणि तिची नखं कापू लागल्या. देवपुरात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी ही बाई तासभर एक अक्षर बोलली नाही. नखं झाली, मग पायांना तेल लावलं. म्हातारी हळूहळू सैल झाली आणि केळं सोलून अर्धं अक्कांच्या तोंडात घातलं. मी ओट्याच्या कडेला चिखलाने माखलेला बसून होतो. नाल्यात बसला नव्हता असा धक्का मला इथे बसला होता.

म्हातारी चुलीवर चहा ठेवायला आत गेली तेव्हा अक्का बोलल्या. ही जमनाबाई, पाड्याची दाई. नवी नर्स म्हणून अक्का इथे आल्या तेव्हा तान्हं मूल पदरात, आणि नवरा नुकताच गेलेला. जमनाबाईने त्यांना आपल्याच घरात ठेवून घेतलं. अक्का बाळंतपणाला गेल्या की त्यांचं मूल ती सांभाळायची. अवघड बाळंतपणं दोघींनी मिळून केली. आता तिला अजिबात ऐकू येत नाही आणि पाडा सोडून ती यायला तयार नाही.

"फोनवर बोलता येत नाही," अक्का म्हणाल्या. "मागच्या पावसाळ्यात नाला भरला तो दसऱ्यापर्यंत. मी आले नाही, म्हणजे मेले, असं धरून चालली होती ती."

मी विचारलं, गल्लीत हे सांगितलं का नाही. लोक समाजसेवा समजताहेत.

"काय सांगू भाऊ? मैत्रिणीकडे बसायला जायचंय म्हणून कोणी विंच बसवतं का?"

निघायची वेळ झाली. ढग उतरले होते, उजेड कमी झाला होता. जमनाबाईने निरोप घेतला नाही. पाठ फिरवून आत गेली आणि दार लोटलं. आम्ही जीपमध्ये बसलो. अक्कांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मला वाटलं बॅटरी गेली. तसं म्हटलंही.

त्यांनी मान हलवली. "आत जाऊन रडते ती. तिचं होऊ द्यायचं."

आम्ही बसून राहिलो. कौलांवरून पाणी ठिबकत होतं. बऱ्याच वेळाने अक्कांनी जीपचे दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले. उजेड कुडाच्या फटींतून आत गेला असावा. दार उघडलं. जमनाबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती. डोळ्यांवर उजेड येत होता म्हणून तिने एक हात कपाळाशी धरला आणि दुसरा वर केला.

तेव्हा कुठे अक्कांनी जीप चालू केली.