भोर सरांची परवानगी

मुलांची हजेरी झाली की भोर सर लेखकाची हजेरी घ्यायचे. धड्याच्या लेखकाचं नाव त्यांनी पुकारायचं आणि सगळ्या वर्गानं "हजर!" म्हणायचं. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, पण ते तर वारलेत ना?" सर म्हणाले, "माणूस वारला म्हणून त्याचं लिहिलेलं बेवारस व्हतं का?"

घोडेगावच्या शाळेत मी नवा लागलो, तेव्हा घरातला पहिला पदवीधर म्हणून माझं भारी कौतुक होतं. वर्गात उभं कसं राहायचं, ते मात्र भोर सरांनी शिकवलं. ते उपकार मोठेच. पण दमवलंही त्यांनीच. झेरॉक्सच्या दुकानात दिसलो की मागून आवाज यायचा, "कुणाचं हाय?" वर्गापुरतं एखादं पान असलं तर सोडायचे. "शिकवायला चालतं. कायदा तेवढी सूट देतो." अख्खं गाईड असलं तर मात्र तिथंच उभा तास. शेवटी दुकानदार हात जोडायचा, "सर, मशीन माझं, पाप ह्यांचं. मला जेवायला जाऊ द्या."

शाळेत कॉम्प्युटर आला. मुख्याध्यापकांनी मंचरहून इंग्रजी शिकवायची सीडी आणली, वर पेनानं नाव लिहिलेली. सरांनी ती सरळ खिशात घातली.

"अहो भोर सर, सगळेच वापरतात!"

"मग सगळ्यांनाच सांगावं लागंल."

अस्सल सीडी आलीच नाही. कॉम्प्युटर वर्षभर फडक्याखाली राहिला आणि त्याची धूळ झटकायचं काम माझ्याकडे आलं.

सरांच्या दिवंगत पत्नीची एक गोष्ट कधीकाळी दिवाळी अंकात छापून आली होती. ती सातवीला वाचून दाखवावी, असं माझ्या मनात आलं. मी विचारलं, तर सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "तिच्या लिखाणाचा हक्क आता माझा आन पोरीचा. माझी परवानगी हाय. तिची आणावी लागंल."

मुलीनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. स्टाफमध्ये हा विषय कुणी काढत नसे.

"सर, वर्गात वाचायला परवानगी लागत नाही. तुम्हीच सांगता ना?"

"कायद्यानं नाय लागत," सर म्हणाले आणि चपला घालू लागले.

एसटीडी बूथवर मला बरोबर नेलं. नंबर त्यांना पाठ होता. "मी बोलतोय," ते म्हणाले. "आईची गोष्ट वर्गात वाचायची व्हती. तुझी परवानगी..." पुढं ते नुसते ऐकत राहिले.

फोन ठेवून बाहेर आले आणि बूथच्या पायरीवरच बसले.

"काय म्हणाली?"

"आशी फोनवर नाय मिळायची म्हणती. घरी येऊन न्या." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "उद्या माझे तास घ्याल का?"

मी हो म्हणालो. तरी ते उठेनात.

"भाऊ, तिला पोरगं हाय म्हणं," सर हळूच म्हणाले. "केवढं आसंल आता? त्याच्यासाठी काय न्यावं?"