दोन पांढरे पाइप

मॉरीनला दवाखान्यातून दुपारी एक वाजता घरी आणणार होते आणि सकाळी नऊलाच घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. आधी तो गुळण्या केल्यासारखा बराच वेळ गुडगुडला, मग गप्प झाला. हेडली ऑर्मरॉडने होती नव्हती ती सगळी बटणं दाबून पाहिली. इंग्लंडमधल्या बर्नलीत त्या आठवड्यात पारा उणे आठावर होता. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हेडलीच्या तोंडातून वाफ निघत होती. मॉरीनचा खुबा नवा बसवला होता आणि घर ऊबदार ठेवा, असं नर्सने त्याला दोनदा बजावलं होतं.

त्याने बॉयलरवाल्यांना फोन लावला.

"माणूस शुक्रवारी येईल," पलीकडची मुलगी म्हणाली.

"आज मंगळवार आहे, पोरी. बायको एक वाजता येतेय."

"मग असं करा. बॉयलरचं सांडपाणी नेणारा पांढरा प्लॅस्टिकचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर येतो ना, तो गोठलाय. त्यावर कोमट पाणी ओता. उकळतं नको, तडकेल. मग परत चालू करायचं बटण दाबा."

मागचं अंगण हेडली आणि शेजारीण ग्लेंडा कॅटलो या दोघांच्या घरांचं सामाईक होतं. कोपऱ्यातल्या एकाच मोरीवर दोन पांढरे पाइप वीतभर अंतराने उतरत होते. अकरा वर्षांत हेडलीने त्यांच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचा पाइप त्याने आपला मानला आणि किटली रिकामी केली.

ग्लेंडाच्या खिडकीचा पडदा हलला. हेडलीने तिकडे पाठ केली. गेल्या वर्षी त्याने तिचा भिंतीवरचा गुलाब 'जरासा' छाटला होता. नंतर त्याचा वीतभर खुंट उरला होता. तेव्हापासून चौदा महिने दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

सहाव्या किटलीला पाइपमधून बर्फाचा तुकडा सटकन खाली पडला आणि भिंतीआड एक बॉयलर घरघरला. हेडलीला भरून आलं. तो घाईने आत गेला, तर बॉयलर थंडगार. बटण दाबलं, तरी ढिम्म.

सातवी किटली घेऊन तो बाहेर आला. तोवर आधीच्या सहा किटल्यांचं पाणी फरशीवर गोठून आरसा झालं होतं. त्याचे पाय पुढे गेले, तो मागे बसला आणि किटली घसरत जाऊन थेट ग्लेंडाच्या दारावर आपटली.

दार उघडलं. ग्लेंडाच्या हातात मिठाचा डबा होता.

"आत ये म्हणणार होते," ती म्हणाली, "पण तुझा उठायचा विचार दिसत नाही."

तिने त्याच्याभोवती बर्फ वितळायला मीठ पसरलं. तिचे डोळे ओलावले होते. "परवापासून कोट घालून झोपतेय मी. बॉयलरवाल्यांनी मला शुक्रवार दिलाय. ह्या आखडलेल्या बोटांनी भरलेली किटली उचलवत नाही. आज घर तापायला लागलं. फार उपकार केलेस, हेडली."

हेडलीने बसल्या जागेवरून वर पाहिलं. ओला पाइप तिच्या भिंतीत जात होता.

"शेजारी म्हटल्यावर एवढं तर करायलाच हवं," तो म्हणाला.

"आणि मॉरीन कधी येतेय?"

"एक वाजता."

"आणि तू आधी माझा पाइप मोकळा करत बसलास? ऊठ. माझ्या नळाला आता गरम पाणी आहे. तू बादल्या ने, मी मीठ टाकते."

तिसऱ्या बादलीला त्याचा बॉयलर पेटला. हेडलीने त्यावर तळहात टेकला. ग्लेंडाने तोवर पुढच्या पायऱ्यांवरही मीठ टाकलं होतं. एक वाजता मॉरीन कुबड्या टेकत, न घसरता, गरम घरात आली.

चार वाजता ग्लेंडा मटण-बटाटा भरलेली भाजलेली पेस्ट्री घेऊन आली आणि तिने मॉरीनला सकाळची हकिगत सांगितली. मॉरीनने नवऱ्याचा हात धरला. "माझी काळजी असताना तू आधी तिचं पाहिलंस? इतक्या वर्षांत मी तुला ओळखलंच नाही रे."

समोर दोघी अशा मायेने बघत असताना हेडलीला खाववेना. त्याने काटा खाली ठेवला.

"खरं सांगतो. मला तो माझा पाइप वाटला होता."

ग्लेंडा शांतपणे त्याच्या ताटलीत आणखी रस्सा वाढत होती. "ठाऊक आहे. पहिल्या किटलीलाच कळलं होतं मला. खिडकीत होते ना मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार कशी? आपण बोलत नव्हतो."

मॉरीन इतकी हसली की खुबा धरून तिला टेकून बसावं लागलं. हेडलीलाही हसू आवरेना. नवा रस्सा वाफाळत होता आणि त्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत पुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून पाइपांना गुंडाळायचा फोम आणला आणि दोन्ही पाइपांवर घट्ट बसवला. आधी ग्लेंडाच्या पाइपवर. या वेळी मुद्दाम.