नलू पाहुणी होते

नागावच्या वाडीत सहा खोल्या बांधून सदा आणि नलूनं पाहुणे ठेवायला घेतले, तेव्हापासून नलूचा शनिवार-रविवार मेला तो मेलाच. पाहुणे समुद्रावरून यायचे, निम्मी वाळू खोलीत सांडायचे, ओला टॉवेल गादीवर फेकायचे आणि सुरमई पानात पडली की विचारायचे, "पापलेट नाही का?" पापलेट केलं तर पनीर मागायचे. रात्री भांडी आवरून नलू जरा टेकली की हमखास हाक यायची, "मावशी, एक आम्लेट मिळेल?"

सदा यातच सुखी होता. "पाहुना म्हंजे देव," असं तो येता-जाता म्हणायचा. या देवांचा नैवेद्य रांधायचा नलूनं आणि आशीर्वाद घ्यायचे यानं, अशी कामाची वाटणी होती. स्वयंपाकघरात त्याचं पाऊल भरलेली ताटं उचलण्यापुरतंच पडे.

दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी एके दिवशी नलूनं झारा खाली ठेवला.

"मला आग्र्याला जायाचंय."

"आग्र्याला काय हाय?"

"ताजमहाल हाय. पन त्यो नसला तरी चालंल. मला पाहुनी व्हायचंय. कोनीतरी रांधील, कोनीतरी वाढील, आनि मी नावं ठेवीन."

नावं ठेवायचा बेत तिनं मनात पुरता शिजवला होता. गरम पाण्यासाठी ती पुन्हा पुन्हा हाका मारणार होती. ओला टॉवेल गादीवरच टाकणार होती. आग्र्यात जाऊन पापलेट मागणार होती. इतक्या वर्षांचा राग एका सहलीत बाहेर काढायचा, तर इकडेतिकडे बघून चालणार नव्हतं.

जयपूर-आग्र्याची आगगाडीची सहल ठरली. पनवेल सुटलं आणि नलूनं सीटवर ऐसपैस पाय पसरले. सहलवाल्यांचा चिराग नावाचा पोरगेला व्यवस्थापक चहा वाटून गेला. नलूनं एक घोट घेतला, तक्रारीचं वाक्य जुळवलं आणि ती तोंड उघडणार, एवढ्यात समोरच्या सीटवरच्या ठाण्याच्या विनिता मॅडम म्हणाल्या, "ईऽ! चहा गार आहे."

सदा ताडकन उठला. "बदलून आनतो, म्याडम."

"अवो, बसा खाली!" नलूनं त्याचा सदरा ओढला. "आपुन पाहुनं हाव इथं."

"बोलून ग्येलो गं. आता न्हाय कसं म्हनू?"

तो गेला आणि वाफाळता चहा घेऊन आला. इथंच सगळं बिघडलं. सहल कंपनीचा माणूस डब्यातच आहे, ही बातमी पुढच्या स्टेशनाआधी सगळीकडे पोचली. कुणाला जास्तीची उशी हवी होती, कुणाला खालचा बर्थ हवा होता. चिरागचा मदतनीस ऐनवेळी टांग देऊन गेला होता, त्यामुळे त्याला तर देवच पावला. "अरे, सदाकाकांना सांगा ना, एकदम सॉलिड माणूस आहे," असं म्हणून तो कानात गाणी ऐकायची ती बोंडं घालून बसला.

जयपूरला रात्री हॉटेलात पंगत बसली. नलूनं पहिला घास घेतला आणि आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हणून ती मोठ्यानं बोलली, "भाजी खारट हाय!"

"हो ना! मला वाटलं मलाच लागतेय," विनिता मॅडम म्हणाल्या. सगळ्या माना वळल्या, त्या चिरागकडे नाही, सदाकडे. सदानं हात जोडले.

"चूक झाली, मंडळी. सकाली आमच्या हिच्या हातचं पोहं खाऊन बघा."

नलूनं जन्मात केलेली ही पहिली तक्रार. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती परक्या स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. मंडळी पोटभर खाऊन आमेरचा किल्ला चढायला गेली. नलू कढई घासून बाहेर आली तेव्हा बस निघून गेली होती. हवामहाल तिला संध्याकाळी बसच्या खिडकीतून दिसला, तोही विनिता मॅडमच्या अंबाड्याआडून.

"मावशी, पोहे काय अप्रतिम होते! नागावला नक्की येणार आम्ही," मॅडम म्हणाल्या. सदाचा चेहरा खुलला. त्या क्षणी नलूला त्याचा इतका राग आला, की ती आग्र्यापर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

आग्र्याला ताजमहालाच्या दाराशी पिशव्या आत न्यायला मनाई होती. सदा सगळ्यांच्या सामानाच्या ढिगावर बसला.

"नले, तू बघून ये. मंग मला सांग कसा हाय त्यो."

"मला तुमच्यासंगं बघायचा व्हता," नलूनं शेवटी तोंड उघडलं.

"खुळी हायस का? ह्या ब्यागा कोन बघंल?"

ती एकटीच आत गेली. आत गेल्या गेल्या विनिता मॅडमनी तिच्या हातात मोबाईल दिला. "मावशी, आम्हा दोघांचा एक काढाल?" मग दुसरी जोडी आली, मग तिसरी. नलूनं ताजमहाल पाहिला तो सगळा असा, लोकांच्या संसारांच्या पाठीमागे. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"प्रेमाचं स्मारक आहे ना," विनिता मॅडम हळूच नवऱ्याला म्हणाल्या. "भल्याभल्यांचं असं होतं."

हॉटेलात परतल्यावर सदा जो खाली थांबला तो वर आलाच नाही. खोलीची चावी पहिल्यापासून नलूकडेच होती, खोलीचा नंबरही त्याला ठाऊक नव्हता. तिनं न्हाऊन केस मोकळे सोडले, ओला टॉवेल गादीवर फेकला आणि फोन उचलून ती ठसक्यात म्हणाली, "तीन सौ चार में एक चाय भेजो. गरम मंगता!" मग खुर्ची खिडकीशी ओढून, दाराकडे पाठ करून तिनं पाय कठड्यावर ठेवले.

बऱ्याच वेळानं दार वाजलं. "आव," ती म्हणाली, पण वळली नाही. पाहुणे कधी वळून बघत नाहीत, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

"चहा, म्याडम."

नलूचे पाय कठड्यावरच राहिले. आवाज सदाचा होता. पाहुण्यांच्या खोलीत शिरताना मान वर करायची नाही, बायकामाणसं कशीही बसलेली असतात, हा त्याचा नेम. तो नेम पाळत त्यानं खालच्या मानेनं कप टेबलावर ठेवला.

"इथला आचारी झोपलाय, म्हनून मीच केलाय. आलं टाकलंय. आजून काय लागलं तर सांगा, म्याडम, लाजू नका."

"अवो..." नलू पाय खाली घेऊन वळेपर्यंत दार लागलं होतं. सदाच्या चपला जिन्यावरून खाली चालल्या होत्या.

तिनं कप उचलून घोट घेतला. चहा कढत होता, साखर बेताची होती, आलं नेमकं होतं. नावं ठेवायला कुठं जागाच नव्हती. पोटची पोर लग्न होऊन सासरी गेली, तरी नलूला याचा पत्ता नव्हता. नवऱ्याला चहा करता येतो, हे तिला आग्र्यात कळलं.