कॅनडातले थोरले चिरंजीव

मनुष्य मरण पावला हे डॉक्टरने कितीही खात्रीने सांगितले, तरी पोस्टर छापून भिंतीवर लागेपर्यंत ती बातमी कच्चीच समजावी, असा आमच्या घानातल्या साल्टपाँडच्या किनाऱ्यावर दंडक आहे. त्यामागे विचार आहे. डॉक्टरच्या दाखल्यात फक्त मृताची माहिती असते. पोस्टरवर मृताचा एक फोटो सोडला तर बाकी सगळी माहिती जिवंत माणसांची असते, आणि अंत्यविधीला यायचे की नाही, आल्यास कोणत्या रांगेत बसायचे, हे लोक तिच्यावरूनच ठरवतात.

एबो क्वान्सा याच्या वडिलांचे पोस्टर अडले होते. पोस्टर अडल्यामुळे वडीलही इस्पितळाच्या शवागारात अडले होते. आणि दोघेही एबोमुळे अडले होते.

त्यापूर्वी एबोची सकाळ पुढीलप्रमाणे होत असे. उजाडायच्या आत बादलीभर पाण्याने अंघोळ. वडील पूर्वी सरकारी बसवर तिकीट तपासनीस होते. निवृत्तीनंतर तपासण्यासारखे काही न उरल्याने ते अंगणात कोळशाची इस्त्री फुंकत बसत आणि एबोचा पांढरा शर्ट इस्त्री करत. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ शेवटी. आई मक्याच्या केंकीचा गोळा आणि तळलेला मासा पुढे ठेवी. मग बूट पुसून, पदवीच्या प्रतींची फाइल काखेत मारून एबो बसस्टँडकडे चालू लागे. तेथे कडुनिंबाखाली एक बाक होता. त्यावर नगररचना, अर्थशास्त्र, मत्स्यविज्ञान इत्यादी विषयांचे पदवीधर दुपारपर्यंत बसत. (मत्स्यविज्ञानवाल्याला समोर समुद्र दिसत असे. त्याचा उपयोग नव्हता. जागा निघाव्या लागतात.) शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून पाठ न टेकता बसण्याची एक कला आहे. ती विद्यापीठात शिकवत नाहीत. पदवी मिळाली की आपोआप येते.

दुपारी एबो परतला की वडील त्याच्या बुटांवरची धूळ बघत.

“आज बरंच फिरलास वाटतं.”

“हो, बाबा.”

“फिरावं लागतंच.”

एवढ्यावर दोघांचे भागत असे.

एके सकाळी एबो अंघोळ करून आला तेव्हा वडील खुर्चीत मान टाकून बसले होते. शर्ट खुर्चीच्या पाठीवर होता आणि अजून गरम होता. हातातले काम पुरे करून गेले, असे शेजाऱ्यांनी कौतुकाने म्हटले. एबोने तो शर्ट घातला, कारण इस्पितळात जायचे होते.

आमच्याकडे माणूस आईच्या कुळाचा. त्यामुळे बापाचे प्रेत ही त्याच्या आईकडच्या कुळाची मालमत्ता असते. मुलांकडे शवपेटी आणण्याचा मान तेवढा येतो. (जिवंतपणी बाप पूर्णपणे मुलांचा असतो, विशेषतः फी भरायच्या दिवसांत.) तेव्हा कुळाचे प्रमुख आमिसा काका, म्हणजे वडिलांचे मावसभाऊ, यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने कापडाचा रंग, बँड, जेवणाचे डबे आणि शोक करण्याचा क्रम हे विषय एकमताने संपवले. मग छापखानेवाला आट्टा वही उघडून बसला.

“धाकटी मुलगी. परिचारिका, ताकोराडी. छान बसलं. थोरला मुलगा एबो. पुढे?”

“पुढे काय?” आईने विचारले.

“काय करतो ते. नावापुढे कंसात असतं.”

“पदवीधर आहे की. पदवीधर लिही.”

वडिलांची बहीण एफुआ आत्या हसली. “वहिनी, पदवीधर म्हणजे तो काय करतो ते नव्हे. त्याचं काय झालं ते.”

“कंस रिकामा सोड मग,” एबो म्हणाला.

“सोडतो की. माझं काय जातंय?” आट्टा म्हणाला. “पण रिकामा कंस दिसला की लोक समजतात, पोरगा तुरुंगात आहे.”

समितीने प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. ‘उद्योजक’ हा शब्द फेटाळण्यात आला, कारण गेल्या काही वर्षांत त्याचा अर्थ ‘बेकार, पण फोन आहे’ असा स्थिरावला आहे. ‘सल्लागार’ सुचवताच, एबोने आजवर कोणाला कोणता सल्ला दिला, असा आत्याने रास्त प्रश्न केला. ‘धर्मोपदेशक’ हे पद सहज मिळण्यासारखे होते. परंतु गल्लीत आधीच तीन चर्च असून त्यांच्या ध्वनिक्षेपकांची तोंडे एकमेकांकडे आहेत. चर्चा लांबत गेली. शवागाराकडून निरोप आला की दिवंगतांना मागच्या कप्प्यात हलवले आहे, घाई नाही.

अखेर आमिसा काकांनी घसा साफ केला. “कॅनडा,” ते म्हणाले.

“कॅनडात काय?” आट्टाची पेन्सिल थांबली.

“कॅनडात काय म्हणजे? कॅनडात! कॅनडा हाच हुद्दा आहे.”

या निर्णयातील शहाणपण बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. लंडन चालले नसते. तेथे अर्धे साल्टपाँड आहे आणि ते फोन करते. कॅनडात कोणाचे कोणी नाही, तरीही आमच्या भिंतींवरील पोस्टरांवर विश्वास ठेवला तर तो देश मुख्यतः साल्टपाँडच्या थोरल्या मुलांनी वसवलेला आहे. गावाला खरे ठाऊक असतेच. पण प्रत्येक घराच्या पोस्टरवर कधी ना कधी एक कॅनडा आलेला असल्यामुळे कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. पोस्टर असते ते आक्रा-कुमासीहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी.

ठराव मंजूर झाल्यावर त्याचा एक तर्कशुद्ध परिणाम समितीच्या लक्षात आला. कॅनडात असलेला मनुष्य साल्टपाँडच्या दफनभूमीत दिसता कामा नये.

“अंत्यविधीच्या शनिवारी तू कुमासीला मित्राकडे जा,” काका म्हणाले.

“काका, माझे वडील आहेत ते.”

“म्हणूनच सांगतोय. बापाची लाज राख.”

“मी नसलो की लाज राहते?”

“पोरा, नसलेल्या मुलाला कोणी नावं ठेवत नाही. असलेल्यालाच ठेवतात.”

हे खरे असल्यामुळे एबोने ते मान्य केले. त्याच्या या समजूतदारपणाची समितीने आभारपूर्वक नोंद घेतली आणि त्याचा चित्रफीत-संदेश घेण्याचे ठरवले, कारण परदेशातल्या मुलाने पडद्यावर येऊन दोन शब्द बोलणे हल्ली आवश्यक मानतात. मासळीच्या शीतगृहाची आतली भिंत पांढरी असल्याने चित्रीकरण तेथे झाले. चर्चच्या नाटकातला लोकरीचा कोट एबोला घालण्यात आला. “बाबा, मला यायला जमलं नाही,” हे वाक्य त्याने म्हटले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. हे पाणी मजकुरात नव्हते. आत्याने ते ठेवायला सांगितले.

शनिवारच्या आदल्या दिवशी एबो काकांचा निरोप घेऊन कुमासीला निघाला. बसस्टँडपर्यंत गेला. बसमध्ये बसला नाही. तो मागच्या गल्लीत अराबाबाईंकडे गेला. मांडव आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा आहे. काकांनी मांडव त्यांच्याकडेच सांगितला होता.

“उद्याच्या मांडवाला माणूस हवाय का?”

“हवाय. शिकलायस किती?”

“नगररचनेत पदवी आहे.”

“असू दे, असू दे. रांगा तरी सरळ लावशील.” त्यांनी एक मळकट निळा सदरा त्याच्या अंगावर टाकला.

अशा रीतीने त्याची पहिली नेमणूक झाली. फाइल दाखवावी लागली नाही.

शनिवारी मांडव वेळेवर उभा राहिला आणि रांगा सरळ होत्या. निळ्या सदऱ्यातल्या माणसाला पाहायची पद्धत नसल्यामुळे त्याला कोणी पाहिले नाही. काका दोनदा त्याच्याकडूनच खुर्ची मागून घेऊन बसले. गावकऱ्यांपैकी ज्यांना तो दिसला त्यांनी नजर वळवली, कारण प्रत्येकाच्या घरी पुढेमागे पोस्टर छापायचे आहेच. आईसाठी तो पुढच्या रांगेत खुर्ची ठेवू लागला, तेव्हा तिने समोर बघत बघतच त्याचे मनगट धरले.

“कॅनडात थंडी फार असते म्हणे,” ती पुटपुटली. “काही खाल्लंस का?”

“खाल्लं.”

“खोटं बोलतोस.” तिने अंगावरच्या कापडाआडून केंकीचा गोळा त्याच्या हातात सरकवला आणि क्रमानुसार रडायला सुरुवात केली.

मग पडदा लावण्यात आला. समुद्राचा वारा सुटला होता, पडदा फडफडू लागला, तेव्हा काकांनी हाक मारली, “अरे ए निळ्या, खांब धर!” एबोने दोन्ही हातांनी खांब धरला. वर लोकरीच्या कोटातला एबो म्हणाला की बाबा, मला यायला जमलं नाही. मांडवातले दगडही पाझरावेत असा तो संदेश होता. आक्र्याच्या एका पाहुण्यांनी डोळे पुसले, पाण्याची रिकामी पिशवी खांबवाल्याच्या खिशात कोंबली आणि म्हणाले, “मुलगा असावा तर असा. आला नाही तो नाहीच, पण किती वाटतं बघ त्याला!”

“विमानाचं जमलं नाही म्हणतात,” एबो म्हणाला.

दफनभूमीत पेटी खाली उतरली. काकांनी मूठभर माती टाकली, आत्याने टाकली, आणि जेवणाचे डबे आल्याची वर्दी मिळताच शोकाचा उर्वरित भाग मांडवाकडे वळला. कबर खणणारेही गेले. डबे मोजकेच असतात. कबरीजवळचा छोटा मांडव उतरवण्यासाठी एक माणूस मागे राहिला. त्याने मांडव उतरवला नाही. निळा सदरा काढून त्याने फांदीला अडकवला, फावडे उचलले आणि कबर भरायला घेतली. घाई न करता, कडेने आधी, मध्ये शेवटी. माती सपाट झाल्यावर तो गुडघ्यांवर बसला, तिच्यावर दोन्ही तळवे टेकले आणि वडिलांचे पूर्ण नाव मोठ्याने घेतले. मग उठून त्याने मांडव उतरवला, कारण तो संध्याकाळपर्यंत परत द्यायचा होता.

ते नाव येथे द्यायला हवे होते. दिवंगतांचे नाव या हकिकतीत सुरुवातीपासून कुठेही आलेले नाही आणि त्याची उणीव कोणाला भासल्याचे दिसले नाही. तुम्हाला विचारायचे आहे ते वेगळे आहे, हे मला ठाऊक आहे: पुढे एबोला नोकरी लागली का? विचारा, संकोच करू नका. आमच्याकडची पोस्टरे तुमच्यासाठीच तर छापतात.