अकरा नंबरचा दात

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही: माझा पुढचा एक दात खोटा आहे.

डॉक्टर वैशंपायन माणसं दातांवरून ओळखत. शनिवार पेठेत त्यांचा दवाखाना. एकदा कुणाच्याशा भर लग्नात, अक्षता हातात असताना, त्यांनी मला हाक मारली होती, "अहो अकरा नंबर, इकडे या." अकरा म्हणजे वरचा उजवा पुढचा दात. सख्ख्या मेहुण्याला ते "सदतीस, किडलेला" म्हणत.

स्कूटरवरून पडलो आणि माझ्या त्या दाताचं मूळ विरघळायला लागलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कंपनीतली पोरं एकेक करून अमेरिकेला चालली होती, माझं कशात चित्त नव्हतं.

"ऑपरेशन करून टाका," मी म्हणालो.

"कशाला? आयतं कापायला मिळतंय म्हणून?"

त्यांनी दाताची नस काढली, पोकळीत चुन्यासारखं औषध भरलं. ते दर महिन्याला बदलायचं.

"किती महिने?"

"मुळाला विचारा. मी फक्त मध्यस्थ."

खुर्चीत माझा पाय सारखा हलत असे. ते म्हणत, "घाई असेल तर कवळी घ्या. तिला मूळच नसतं."

एकदा एक्स-रे खिडकीशी धरून त्यांनी तो जुन्याशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "थांबलंय." आणि पेढे मागवले. दातांच्या डॉक्टरानं. अजून काही महिने औषध, मग दात कायमचा भरायचा, असं ठरलं.

त्याच आठवड्यात माझा व्हिसा आला. परदेशात दात दुखला तर? मी कोथरूडला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन तो उपटवून टाकला आणि शेजारचे दोन धडधाकट दात घासून त्यांच्या आधारानं खोटा दात, म्हणजे ब्रिज, बसवून घेतला. डॉक्टर वैशंपायनांना फोनवर म्हणालो, "छान आहे. तिकडेच भरून घेतो."

परत आलो, लग्न केलं, वारज्यात फ्लॅट घेतला. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. आता एकटेच असतात. महिन्यातून एकदा बसनं आमच्याकडे येतात.

"अकरा नंबर काय म्हणतोय?"

"छान आहे."

मग चहा, बायकोशी तासभर गप्पा. मी ओठ मिटून हसतो. बायको मला गंभीर प्रकृतीचा समजते.

गेल्या खेपेला राहवेना. "डॉक्टर, एकदा बघता का?" म्हणत मी तोंड उघडू लागलो. त्यांनी चष्मा काढला, मिटून खिशात ठेवला.

"त्यात काय बघायचं? पुढच्या महिन्यात येतोच आहे." आणि कप पुढे केला, "सूनबाई, अर्धा कप आणखी."

दातांच्या डॉक्टराला खोटा दात टेबलापलीकडूनही कळतो. इतकी वर्षं कळत असणार.

तुम्ही वाचवलेला दात मी उपटवला, एवढं एक वाक्य मी त्यांना अजून देणं लागतो.